शांती करणारे कोणाच्या बाजूने उभे राहतात?

येशूच्या बारा शिष्यांमध्ये मत्तय होता आणि शिमोनही होता. मत्तय जकातदार, म्हणजे रोमी साम्राज्याच्या छत्राखालच्या सत्तेसाठी आपल्याच लोकांकडून कर वसूल करणारा. शिमोनाला शुभवर्तमानात ‘जिलोत’ म्हटलं आहे. रोमविरुद्ध शस्त्र उचलणारा गट पुढे याच नावाने ओळखला गेला, त्यामुळे शिमोनाचा कलही तिकडेच असावा असं बरेच अभ्यासक मानतात. तसं असेल तर शिमोनाला मत्तय फितूर वाटत असणार आणि मत्तयाला शिमोन माथेफिरू. तरी दोघं एका पंगतीला बसत होते. पुढे त्यांचं राजकारणावर एकमत झालं, असं बायबलमध्ये कुठेही लिहिलेलं नाही.

ख्रिस्ती शांतिकार्य समजून घ्यायला ही पंगत चांगली जागा आहे. या विषयावर बोलायला लागलं की दोन गैरसमज लगेच आडवे येतात. शांतिकार्य म्हणजे सगळ्यांची समजूत घालून त्यांना गप्प करणं, हा एक. शांतिकार्य करणाऱ्याने कशावरच मत बाळगू नये, हा दुसरा. पण “जे शांती करणारे ते धन्य” असं म्हणणाऱ्या येशूनेच मंदिरातल्या सराफांचे चौरंग उलथून टाकले होते. त्याच्याही सहाशे वर्षं आधी यिर्मया संदेष्ट्याने आपल्या काळच्या याजकांना सुनावलं होतं, की तुम्ही लोकांची जखम वरवर बरी करता आणि शांती नसताना ‘शांती, शांती’ म्हणता.

नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ योहान गाल्टुंग यांनी १९६०च्या दशकात हाच फरक अभ्यासाच्या भाषेत मांडला. गोळीबार थांबला, दंगल शमली, ही एक प्रकारची शांतता. ज्या कारणांमुळे गोळीबार सुरू झाला ती कारणं दूर होणं, लोकांना न्यायाने आणि मानाने जगता येणं, ही दुसरी. पहिली मिळाली की लोक सुटकेचा श्वास टाकतात, आणि तो टाकूच नये असं मी म्हणणार नाही. मरणारी माणसं मरायची थांबतात ही लहान गोष्ट नव्हे. पण काम तिथे संपत नाही.

आता खरी अडचण. अन्याय करणारा आणि अन्याय सोसणारा यांच्या बरोबर मधोमध उभं राहणं म्हणजे अन्याय करणाऱ्याला मदतच. पण एका बाजूचा झेंडा हातात घेतला, तर दुसऱ्या बाजूचा माणूस तुमच्याशी बोलणार तरी कशाला? चर्चने यातून वाट कशी काढली, कुठे काढली आणि कुठे ती पार चुकली, हाच या विषयाचा गाभा आहे.

परंपरेने या प्रश्नाला एकच उत्तर दिलेलं नाही. १५२५ साली झुरिकमध्ये सुरू झालेल्या ॲनाबॅप्टिस्ट चळवळीतून मेनोनाइट मंडळी आली, सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये क्वेकर आले, १७०८ साली जर्मनीत ब्रेदरन मंडळी उभी राहिली. या तिघांनी शस्त्र हाती घेणं साफ नाकारलं. त्यासाठी कित्येकांनी तुरुंगवास आणि देशोधडी सोसली. क्वेकरांच्या ब्रिटनमधल्या आणि अमेरिकेतल्या सेवासंस्थांना १९४७ साली शांततेचं नोबेल मिळालं. दुसरा प्रवाह संत ऑगस्टीन आणि थॉमस अक्वायनस यांच्यापासून चालत आलेला. अगदी शेवटचा उपाय म्हणून, निरपराधांच्या रक्षणासाठी आणि ठरावीक मर्यादेत बळाचा वापर योग्य ठरू शकतो, असं तो मानतो. हा वाद शतकानुशतकं चालला आहे आणि इथे मिटणारा नाही. पण शत्रू हाही देवाच्या प्रतिमेत घडलेला माणूस आहे, त्याच्याशी बोलण्याचा रस्ता बंद करायचा नाही, इथे दोन्ही प्रवाह येऊन मिळतात.

हा रस्ता उघडा ठेवायला काय किंमत पडते, ते उत्तर आयर्लंडमध्ये पाहता येतं. तिथे १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून १९९८पर्यंत चाललेल्या संघर्षात ३,५००हून अधिक माणसं मारली गेली. बहुतांश कॅथलिकांना एकसंध आयर्लंड हवं होतं आणि बहुतांश प्रोटेस्टंटांना ब्रिटनसोबत राहायचं होतं. भांडण मुळात धर्मसिद्धांतांचं नव्हतं, सत्तेचं आणि हक्कांचं होतं. पण कोण कोणत्या चर्चमध्ये जातो यावरून माणसाची बाजू ठरत होती. फादर ॲलेक रीड हे बेलफास्टच्या क्लोनार्ड मठातले कॅथलिक धर्मगुरू. आयआरए या सशस्त्र संघटनेची राजकीय बाजू सांभाळणाऱ्या शिन फेन पक्षाचे नेते जेरी ॲडम्स आणि एकसंध आयर्लंड हवं असूनही हिंसेला ठाम विरोध करणारे नेते जॉन ह्यूम यांची गुप्त भेट व्हावी म्हणून ते धडपडत होते. त्या काळात ॲडम्स यांच्याशी बोलणंही राजकीय आत्मघात मानला जाई.

१९ मार्च १९८८ या दिवशी एका अंत्ययात्रेत साध्या वेशातले दोन ब्रिटिश सैनिक गाडीसह अडकले. जमावाने त्यांना बाहेर ओढलं, बेदम मारलं आणि आयआरएने त्यांना गोळ्या घातल्या. फादर रीड धावत तिथे पोहोचले. त्यांनी तोंडाने श्वास देऊन एकाला वाचवायचा प्रयत्न केला, मग दोघांसाठी अंतिम प्रार्थना म्हटली. रक्ताने माखलेल्या चेहऱ्याने प्रेताजवळ गुडघे टेकून बसलेल्या या धर्मगुरूचं छायाचित्र जगभर छापलं गेलं. त्या वेळी त्यांच्याजवळ एक लिफाफा होता, हे पुष्कळ वर्षांनी कळलं. शिन फेनने ह्यूम यांच्यासाठी लिहिलेलं टिपण त्यात होतं. लिफाफ्यावर रक्त लागलं होतं. रीड यांनी तो बदलला आणि कागद ह्यूम यांच्याकडे पोहोचवला. मला या घटनेत धैर्याहूनही जास्त काही दिसतं. शत्रूपक्षाच्या सैनिकाच्या तोंडात श्वास फुंकणारा माणूस आणि आपल्या बाजूच्या बंदूकधाऱ्यांचा निरोप पोहोचवणारा माणूस एकच होता, आणि त्याला या दोन कामांत विरोध वाटला नाही.

रीड तटस्थ नव्हते. ते आपल्या समाजाचे होते, त्याची दुःखं त्यांना आतून ठाऊक होती. २००५ साली बेलफास्टमधल्या एका सभेत ते संतापून ब्रिटनवादी प्रोटेस्टंटांना नाझींच्या पंगतीला बसवून गेले आणि नंतर त्यांना माफी मागावी लागली. त्याच्या काहीच आठवडे आधी आयआरएने शस्त्रं निकामी केली, तेव्हा साक्षीदार म्हणून रीड आणि मेथोडिस्ट पाळक हॅरल्ड गुड यांना बोलावलं गेलं होतं. दुसऱ्या बाजूला प्रेस्बिटेरियन पाळक रॉय मॅगी यांनी आपल्या समाजातल्या सशस्त्र गटांशी वर्षानुवर्षं बोलून त्यांना १९९४च्या ऑक्टोबरमधल्या शस्त्रसंधीपर्यंत आणलं. या प्रक्रियेतला कळीचा नियम असा: आपल्या बाजूच्या हिंसक माणसाला जाब विचारण्याचा आणि थांबवण्याचा अधिकार आधी आपल्याला असतो. पलीकडच्यांना उपदेश करणं फार सोपं आहे.

जॉन पॉल लेडराख या अमेरिकी मेनोनाइट अभ्यासकाने असे ‘आतले मध्यस्थ’ मध्य अमेरिकेत जवळून पाहिले. निकाराग्वामध्ये १९८०च्या दशकात सँडिनिस्टा सरकार आणि पूर्व किनाऱ्यावरचे मिस्किटो आदिवासी यांच्यात लढाई पेटली होती. मध्यस्थी केली ती मोरावियन चर्चच्या नेत्यांनी, आणि हे चर्च तर बहुसंख्य मिस्किटोंचं स्वतःचं. बाहेरून आलेल्या तज्ज्ञाला निःपक्षपणाचा मान मिळतो; पण बोलणी फिसकटली की तो विमानात बसून जातो. आतल्या माणसाला परिणामांसोबत तिथेच राहायचं असतं. त्याच्यावर विश्वास बसतो तो त्यामुळेच.

त्या बैठकांची सुरुवात ८५व्या स्तोत्राच्या वाचनाने होत असे. दया आणि सत्य एकमेकांना भेटतात, न्याय आणि शांती एकमेकींचं चुंबन घेतात, अशा अर्थाची ओळ त्यात आहे. लेडराख यांनी यातून एक पद्धत घडवली, ती आजही अनेक देशांतल्या प्रशिक्षणांत वापरली जाते. जमलेल्या लोकांचे चार गट करायचे: सत्य, दया, न्याय आणि शांती. प्रत्येक गटातून एकाने आपण स्वतः ती व्यक्ती आहोत असं समजून उभं राहायचं आणि या संघर्षात आपल्याला कशाची काळजी वाटते, बाकी तिघांपैकी कोणाची भीती वाटते, ते सांगायचं. मग गंमत होते. सत्य म्हणतं, दया फार घाईने पांघरूण घालते. दया म्हणते, सत्य इतकं धारदार आहे की माणसं उरतच नाहीत. न्यायाला वाटतं, शांतीच्या नावाखाली आपला हिशेब दर वेळी पुढे ढकलला जातो. शांती म्हणते, तुम्ही तिघं भांडत राहिलात तर मी येणार कुठून? संघर्षातल्या बाजू बहुतेकदा यांपैकी एकीलाच कवटाळून बसलेल्या असतात. मार खाल्लेल्यांना न्याय हवा असतो, सत्तेत बसलेल्यांना शांती. दोघांचीही मागणी बायबलमधलीच असते, आणि तरीही ती अर्धीच असते.

मोठ्या प्रमाणावर यश मिळालेलं उदाहरण मोझांबिकचं. १९७५ साली पोर्तुगालकडून स्वातंत्र्य मिळालं आणि दोनच वर्षांत मार्क्सवादी फ्रेलिमो सरकार आणि रेनामो हे बंडखोर यांच्यात यादवी सुरू झाली. रेनामोला आधी ऱ्होडेशियाची (आजचा झिंबाब्वे) आणि मग दक्षिण आफ्रिकेची फूस होती. युद्ध आणि दुष्काळ मिळून सुमारे दहा लाख माणसं मेली. बैराचे आर्चबिशप जैमे गोन्साल्व्हिस आणि १९६८ साली रोममध्ये तरुणांनी सुरू केलेली ‘संत एजिदियो’ ही संघटना यांनी दोन्ही बाजूंशी संपर्क जोडला. संघटनेकडे सैन्य नव्हतं, धमकावायला काही नव्हतं. देशात अन्न आणि औषधं पाठवताना जमलेल्या ओळखी तेवढ्या होत्या. खुद्द चर्चची मालमत्ता या सरकारने ताब्यात घेतली होती, तरी बिशप सरकारशी बोलत राहिले, आणि ज्यांना सगळे डाकू म्हणत त्या बंडखोरांना भेटायला जंगलातही गेले. जुलै १९९० मध्ये रोममध्ये बोलणी सुरू झाली आणि ४ ऑक्टोबर १९९२ रोजी करारावर सह्या झाल्या. दोन वर्षांहून अधिक काळ, फेरीमागून फेरी, चिवटपणे बसून राहण्याचं हे काम होतं.

श्रेय एकट्या चर्चचं नाही. शीतयुद्ध संपलं होतं, दक्षिण आफ्रिका बदलत होती, दुष्काळाने दोन्ही फौजांचं कंबरडं मोडलं होतं, इटलीचं सरकार आणि संयुक्त राष्ट्रसंघ पाठीशी होते. शिवाय शांतता कायमची टिकलीही नाही: २०१३ पासून पुन्हा चकमकी झाल्या आणि २०१९ साली नवा करार करावा लागला. पण वीस वर्षं लाखो लोकांनी बंदुकीशिवाय शेती केली, मुलं शाळेत गेली.

आपल्या देशातलं उदाहरण नागालँडचं आहे आणि ते कमी सांगितलं जातं. १९६४ साली नागालँड बॅप्टिस्ट चर्च कौन्सिलने पुढाकार घेऊन शांती मिशन उभं केलं. त्यात कोण असावेत? सर्वोदयी नेते जयप्रकाश नारायण, आसामचे मुख्यमंत्री बिमला प्रसाद चलिहा आणि अँग्लिकन धर्मगुरू मायकल स्कॉट. बॅप्टिस्ट चर्चने आपलीच माणसं पुढे केली नाहीत. भारत सरकारला आणि स्वतंत्र देशासाठी लढणाऱ्या भूमिगत नागांना, दोघांनाही चालतील असे तिघं त्याने शोधले. ६ सप्टेंबर १९६४ पासून शस्त्रसंधी लागू झाली. राजकीय तोडगा निघाला नाही, १९६६ साली मिशन विसर्जित झालं, शस्त्रसंधी १९७२ पर्यंत कशीबशी चालली. अपयश म्हणायचं का याला? ज्या गावांनी सैन्य आणि बंडखोर दोघांचीही दहशत सोसली होती, त्यांना मिळालेली ती वर्षं मी अपयशाच्या खात्यात टाकू शकत नाही. पुढे नागा गटच एकमेकांच्या जिवावर उठले, तेव्हा २००८ साली चर्चच्या पुढाकाराने पुन्हा समेटासाठी मंच उभा राहिला. या वेळचं काम आणखी अवघड होतं, कारण मारणारा आणि मरणारा दोघंही रविवारी तीच भक्तिगीतं गात होते.

इथपर्यंत वाचून चर्चबद्दल फार चांगलं मत झालं असेल तर रवांडाकडे पाहायला हवं. १९९४च्या एप्रिल ते जुलै या काळात तिथे सुमारे आठ लाख माणसं मारली गेली, बहुतेक तुत्सी या अल्पसंख्य समाजातली. देश बहुसंख्य ख्रिस्ती. न्यामाता आणि न्तारामा इथे हजारो लोक आसऱ्यासाठी चर्चमध्ये गेले आणि चर्चमध्येच कापले गेले. काही धर्मगुरूंनी जीव देऊन लोकांना वाचवलं. पण एका कॅथलिक धर्मगुरूला आणि एका ॲडव्हेंटिस्ट पाळकाला रवांडासाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने वंशसंहारासाठी दोषी ठरवलं, हेही तितकंच खरं. हे अचानक घडलं नव्हतं. राजधानीचे आर्चबिशप अनेक वर्षं सत्ताधारी पक्षाच्या केंद्रीय समितीवर बसत होते. सत्तेच्या मांडीला मांडी लावून बसलेल्या चर्चकडे ऐन वेळी ‘थांबा’ म्हणायला आवाजच उरला नव्हता. पोप फ्रान्सिस यांनी २०१७ साली चर्चच्या पापांबद्दल देवाकडे क्षमा मागितली.

दक्षिण आफ्रिकेत तर वर्णभेदाला धर्मशास्त्राचा आधार चर्चनेच पुरवला. १८५७ साली डच रिफॉर्म्ड चर्चने गोऱ्यांसाठी वेगळ्या उपासनेला परवानगी दिली ती काहींच्या ‘दुर्बलतेमुळे’, सवलत म्हणून. त्या सवलतीचा पुढे सिद्धांत झाला आणि सिद्धांताचा कायदा. म्हणून १९८५ साली तिथल्या धर्मशास्त्र्यांनी ‘कैरोस’ नावाचं निवेदन काढून समेटाचे गोडवे गाणाऱ्या चर्चपुढाऱ्यांवरही कडक टीका केली: अन्याय चालू असताना पीडितांना समेट करायला सांगणं हे ख्रिस्ती नाही.

याच ठिकाणी क्षमेचा प्रश्न येतो, आणि ख्रिस्ती लोकांकडून सर्वांत जास्त दुखावणारी चूक इथेच होते. पीडिताला ‘तू क्षमा केलीच पाहिजेस’ असं सांगणं म्हणजे त्याच्यावर दुसरा घाव. १९८७ साली उत्तर आयर्लंडमधल्या एनिस्किलनच्या बॉम्बस्फोटात गॉर्डन विल्सन यांची मुलगी मेरी ढिगाऱ्याखाली त्यांचा हात धरून होती; ती वाचली नाही. आपल्या मनात कोणाबद्दल आकस नाही, असं ते त्याच दिवशी म्हणाले आणि सूडाच्या तयारीत असलेले कित्येक हात थबकले. पण ती त्यांची देणगी होती. तोच स्फोट सोसलेल्या बाकीच्या घरांकडून तशीच अपेक्षा करण्याचा हक्क त्यामुळे कोणालाही मिळत नाही.

क्षमा मागणं मात्र संस्थांनी शिकण्यासारखं आहे. नोव्हेंबर १९६५ मध्ये पोलंडच्या बिशपांनी जर्मन बिशपांना पत्र लिहिलं. नाझी राजवटीने पोलंडचे सुमारे साठ लाख नागरिक मारले होते, त्यांत तीस लाख ज्यू; सगळ्या जखमा ताज्या होत्या. तरी पत्रात वाक्य होतं: आम्ही क्षमा करतो आणि क्षमा मागतो. कम्युनिस्ट सरकारने बिशपांना देशद्रोही ठरवलं आणि पुष्कळ भाविकही चिडले. जर्मनीहून आलेलं उत्तर सावध आणि थंड होतं. पाच वर्षांनी दोन्ही देशांत सीमेबद्दल करार झाला, आणि त्या पत्राने जमीन तयार केली होती हे आज इतिहासकार मान्य करतात.

क्षमेसोबत भरपाईही लागते. लूकच्या शुभवर्तमानातला जक्कय येशू घरी आल्यावर म्हणतो, ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत करतो. त्याला आधी येशूने स्वीकारलं, मग त्याने पैसे काढले. पण पैसे काढलेच. आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखालच्या दक्षिण आफ्रिकेच्या सत्य आणि समेट आयोगाची दुखरी बाजू हीच. सात हजारांहून अधिक गुन्हेगारांनी माफीसाठी अर्ज केले आणि संपूर्ण कबुलीच्या अटीवर ८४९ जणांना ती मिळाली. पीडितांच्या साक्षी साऱ्या देशाने ऐकल्या, खोटं बोलण्याची जागा कमी झाली. पण भरपाई म्हणून २००३ साली देऊ केलेली एकरकमी ३०,००० रँड ही रक्कम आयोगाने सुचवल्यापेक्षा कितीतरी कमी होती.

जिथे बंदुका नाहीत, पण घराघरात आणि मंडळीत राजकारणावरून बोलणं तुटलं आहे, तिथे याचा काय उपयोग? प्रमाण लहान असलं तरी काम त्याच जातीचं आहे. व्यासपीठावरून पक्षाचा प्रचार होऊ द्यायचा नाही, कारण त्या दिवशी मंडळीतल्या अर्ध्या लोकांना दार बंद होतं. पण कोणाचं घर जाळलं, कोणाला मारलं, कोणाबद्दल खोटं पसरवलं, तर ते स्पष्ट शब्दांत बोलायचं, मग करणारा आपल्या पसंतीच्या पक्षाचा का असेना. प्रार्थनेत आपल्याला न आवडणाऱ्या नेत्याचं नावही घ्यायचं. मेसेज पुढे ढकलण्याआधी तो खरा आहे का, ते तपासायचं. “खोटी साक्ष देऊ नकोस” ही आज्ञा मोबाइललाही लागू आहे.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायात भांडण मिटवण्याची पायरी-पायरीची रीत दिली आहे: आधी एकट्याने जाऊन बोल, ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत ने, मगच मंडळीपुढे ठेव. आजच्या सवयीच्या हे नेमकं उलट आहे. आपण आधी जगजाहीर करतो आणि समोरासमोर शेवटी भेटतो, भेटलोच तर. बरोबरीच्या माणसांतल्या वादासाठी ही रीत फार उपयोगी आहे. पण जिथे एकाच्या हातात सत्ता आणि दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे, म्हणजे घरातला मारहाण करणारा, लैंगिक अत्याचार करणारा, गावातला गुंड, तिथे पीडिताला ‘आधी एकट्याने जाऊन बोल’ असं सांगू नका. त्याला आधी सुरक्षित जागी न्या, पोलिसांकडे जायचं तर सोबत जा, आणि समेटाचा विषय त्याने स्वतः काढेपर्यंत तुम्ही काढू नका.